वऱ्हाडचे रस्ते : नवे बांधणे आणि जुने टिकवणे

२०२२ साली वऱ्हाडातल्या रस्त्यांविषयी दोन बातम्या चार महिन्यांच्या अंतराने आल्या. जूनमध्ये अमरावती जिल्ह्यातले लोणी ते अकोला जिल्ह्यातले माना या टप्प्यात राष्ट्रीय महामार्ग ५३ वर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा एकपदरी डांबरी थर सलग अंथरला गेला. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. ऑक्टोबरमध्ये अकोला–अकोट मार्गावर गांधीग्राम येथे पूर्णा नदीवरच्या ब्रिटिशकालीन पुलाला तडा गेला, पूल बंद करावा लागला आणि अकोटची वाहतूक लांबच्या वळशाने जाऊ लागली. एकीकडे सलग डांबरीकरणाचा जागतिक विक्रम, दुसरीकडे तालुक्याला जिल्ह्याशी जोडणारा एकच पूल बंद पडल्यावर झालेली कोंडी. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांतल्या रस्त्यांची चर्चा गेली काही वर्षे या दोन टोकांमध्ये फिरते आहे. ती आज कुठवर आली आहे, कोणाचे म्हणणे काय आहे आणि कोणते प्रश्न अजून सुटलेले नाहीत, हे पाहण्याचा हा प्रयत्न.

पार्श्वभूमी : कापूस, रेल्वे आणि नागपूरचा आराखडा

बऱ्हाणपूर, बाळापूर, एलिचपूर (आजचे अचलपूर) ही नावे जोडणारे मार्ग वऱ्हाडात जुनेच आहेत. आजच्या जाळ्याचा सांगाडा मात्र कापसाने घडवला. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. पुढच्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला मागणी वाढली आणि १८६७ पर्यंत भुसावळ–नागपूर लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून गेला. त्यानंतर रस्ते बांधले गेले ते मुख्यतः कापसाच्या बंड्या स्टेशनापर्यंत पोहोचाव्यात म्हणून. अकोट, दर्यापूर, अचलपूर, कारंजा या बाजारपेठांचे रस्ते अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा या स्टेशनांकडे धावतात, ते त्यामुळेच. कापसाची वाहतूक दिवाळीनंतरची, म्हणजे कोरड्या दिवसांतली. भर पावसात जड माल वाहून नेण्याची गरज त्या रस्त्यांना फारशी नव्हती.

मोटारी वाढल्यावर रस्त्यांचा विचार देशपातळीवर होऊ लागला. १९२७ साली मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीतून १९२९ मध्ये पेट्रोलवरच्या कराचा केंद्रीय रस्ते निधी आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. डिसेंबर १९४३ मध्ये प्रांतोप्रांतीचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि ‘नागपूर आराखडा’ तयार झाला. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग आणि गावरस्ते ही उतरंड तिथूनच रूढ झाली. आज रस्ता कोणाचा, हा वाद जिच्या आधारे होतो ती विभागणी अशी विदर्भाच्याच भूमीवर ठरलेली आहे.

संयुक्त महाराष्ट्रानंतर चर्चेला अनुशेषाचे वळण लागले. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये राज्यातला एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा काढला आणि त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के ठरवला. त्यात रस्तेही होते. पण रस्त्यांचा अनुशेष मोजला गेला तो प्रामुख्याने लांबीने. किती किलोमीटर कमी आहेत, हे कळले. असलेले किलोमीटर कोणत्या अवस्थेत आहेत, हे त्या हिशेबात बसत नव्हते. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने आणि २०१५ नंतरच्या मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेने लांबीची भर घातली. त्याच काळात मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी शकुंतला रेल्वे बंद पडली. तिचे प्रवासी रस्त्यावर आले.

जमीन, पाणी आणि वजन

वऱ्हाडातल्या रस्त्यांचा प्रश्न समजून घ्यायचा तर आधी जमीन पाहावी लागते. कापसाला मानवणारी भारी काळी माती रस्त्याला मानवत नाही. पाणी मिळाले की ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. रस्त्याच्या मध्यभागी, डांबराखाली ओल बऱ्यापैकी स्थिर राहते. कडेला ती ऋतूनुसार बदलते. म्हणून कडा आधी खचतात, कडेला समांतर लांब चिरा पडतात आणि त्यांतून पाणी आत शिरते. खड्डा दिसतो वरून, पण त्याची सुरुवात खालून आणि बाजूने झालेली असते.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात ही अडचण दुप्पट होते. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यातली माती क्षारयुक्त आणि चिकट, निचरा अत्यंत मंद. शिवाय मुरूम आणि दगड जवळपास मिळत नाहीत. गाळाचा थर इतका खोल आहे की भरावासाठी चांगला मुरूम सातपुड्याच्या पायथ्याकडून किंवा दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातून आणावा लागतो. दर्यापूर किंवा अकोट तालुक्यातल्या रस्त्याच्या खर्चात वाहतुकीचा वाटा त्यामुळे मोठा असतो, आणि खर्च वाचवायचा तर पहिली कात्री भरावाच्या जाडीवर चालते.

उपाय अभियंत्यांना ठाऊक आहेत. काळी माती ठरावीक खोलीपर्यंत काढून मुरूम भरणे, मातीत चुना मिसळून तिचे फुगणे कमी करणे, किंवा राख वापरणे. बाळापूर तालुक्यातल्या पारस औष्णिक वीज केंद्राची राख तर हाताशीच आहे. तलाव आणि नाले खोल करून निघालेली माती व मुरूम महामार्गाच्या भरावासाठी वापरण्याची पद्धत ‘बुलडाणा पॅटर्न’ म्हणून ओळखली जाते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या आवारातही अशी तळी झाली आहेत. रस्त्याला माती मिळते, गावाला पाणी मिळते.

दुसरा घटक निचऱ्याचा. रस्त्याची नाली शेताच्या वाटेसाठी बुजवली जाते, मोऱ्या गाळाने भरतात, साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच होते आणि पाणी डांबरावरच थांबते. पूर्वी रस्त्याच्या ठरावीक लांबीमागे मैलकुली नेमलेले असत. पावसाआधी नाल्या मोकळ्या करणे, साइडपट्टीवर मुरूम टाकणे, छोटा खड्डा मोठा होण्याआधी बुजवणे, ही त्यांची रोजची कामे. ती पदे घटत गेली आणि ही कामे निविदांमध्ये गेली. निविदा, मंजुरी आणि कार्यादेश होईपर्यंत बहुतेकदा पावसाळा उलटलेला असतो.

तिसरा घटक वजनाचा. अमेरिकेत १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या प्रसिद्ध रस्ता-चाचणीतून निघालेला ढोबळ नियम असा की, आसावरचा भार वाढला तर रस्त्याची हानी त्याच्या चौथ्या घाताने वाढते. २०१८ मध्ये केंद्राने ट्रकच्या चार चाकी एकेरी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. भार वाढला सुमारे तेरा टक्के. त्या नियमाने हानी वाढते सुमारे साठ टक्के. हे कायदेशीर वजनाचे झाले. वरूड–मोर्शीची संत्री, सोयाबीन आणि सरकीचे ट्रक, रेती–मुरमाचे टिप्पर यांचे बेकायदा जादा वजन वेगळेच. राष्ट्रीय महामार्ग ते वजन पेलण्यासाठी बांधला जातो, पण ट्रक भरतो तो गावरस्त्यावर.

एक प्रवास, अनेक मालक

शेतातून निघालेला माल बाजार समितीपर्यंत जाताना पाच प्रकारच्या रस्त्यांवरून जाऊ शकतो. पांदण रस्त्याला बहुतेकदा अधिकृत देखभाल नसतेच. नोव्हेंबर २०२१ च्या मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेने रोजगार हमीतून ती पोकळी भरण्याचा प्रयत्न केला. गावरस्ते आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या यंत्रणांकडे आणि नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग राज्य रस्ते विकास महामंडळाकडे.

गेल्या दहा-बारा वर्षांत ही विभागणी अधिक गुंतागुंतीची झाली. अनेक राज्यमार्गांना राष्ट्रीय महामार्गाचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रातली राष्ट्रीय महामार्गांची लांबी १८ हजार किलोमीटरच्या पुढे गेली असून ती देशात सर्वाधिक आहे. दर्जा वाढल्याने केंद्राचा पैसा येण्याची वाट मोकळी झाली, हे खरे. पण घोषणा आणि प्रत्यक्ष काम यांच्यामध्ये काही वर्षे जातात. त्या काळात राज्याचा विभाग म्हणतो, रस्ता आता आमचा नाही. केंद्राची यंत्रणा म्हणते, आराखडा मंजूर व्हायचा आहे. दोघेही कागदावर बरोबर असतात.

चार मतप्रवाह

पहिले मत मोठ्या मार्गांना अग्रक्रम देणाऱ्यांचे. त्यांच्या मते वऱ्हाड मागे राहिला तो बाजारपेठा आणि बंदरांपासूनच्या अंतरामुळे. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग. तो अमरावती जिल्ह्यातून जातो. अकोला जिल्ह्यातून जात नाही, पण शेजारच्या वाशीम जिल्ह्यातून अकोल्याला जोडता येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये पायाभरणी झालेल्या नांदगाव पेठच्या पीएम मित्रा वस्त्रोद्योग उद्यानासारखे प्रकल्प मोठ्या रस्त्यांशिवाय उभे राहणार नाहीत, असे हा पक्ष सांगतो. महामार्ग ५३ चे चौपदरीकरण आणि अकोला–वाशीम–हिंगोली–नांदेड मार्गाचे रुंदीकरण यांनी प्रवासाचा वेळ कमी केला, हा त्यांचा दुसरा पुरावा.

दुसरे मत आहे ते टिकवा, मग वाढवा, असे म्हणणाऱ्यांचे. त्यांचा आधार आर्थिक आहे. जागतिक बँकेने १९८८ मध्ये ८५ विकसनशील देशांचा अभ्यास करून दाखवले की, दोन दशकांत देखभालीअभावी सुमारे ४५ अब्ज डॉलरचे रस्ते वाया गेले आणि वेळीच केलेल्या सुमारे १२ अब्ज डॉलरच्या प्रतिबंधक देखभालीने ते वाचले असते. रस्ता हळूहळू खराब होत नाही. बरीच वर्षे तो ठीक दिसतो आणि मग दोन-तीन पावसाळ्यांत कोसळतो. ठीक दिसत असताना वरचा थर बदलला तर खर्च थोडा. कोसळल्यावर पायापासून काम करावे लागते. या पक्षाची तक्रार अशी की, मंजुरीची रांग नेमकी उलटी लागते. सर्वांत वाईट रस्ता आधी, आणि वाचवता येण्याजोगा रस्ता वाईट होईपर्यंत थांबतो. समृद्धीच्या बांधकामात मुरूम वाहणाऱ्या टिप्परांनी आजूबाजूचे गावरस्ते उखडल्याच्या तक्रारीही याच पक्षाने पुढे आणल्या.

तिसरा वाद काँक्रीट की डांबर, हा. काँक्रीटची बाजू अशी की, त्याचे आयुष्य तीस वर्षांचे धरले जाते, डांबराचे पंधरा ते वीस. पाण्याने डांबर सुटते, काँक्रीट सुटत नाही. अकोल्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा डांबर मऊ पडून चाकोऱ्या उमटतात, काँक्रीटवर उमटत नाहीत. डांबराची बाजू अशी की, सुरुवातीचा खर्च कमी, दुरुस्ती टप्प्याटप्प्याने होते आणि खालची जमीन थोडी हलली तर लवचिक थर ते सोसतो. काळ्या मातीवर नीट पाया न करता टाकलेल्या काँक्रीटला तडे गेले, तर ते दुरुस्त करणे अवघड आणि महाग. दोन्ही बाजूंच्या लिखाणात एक गोष्ट सारखी आढळते. पाया आणि निचरा नीट नसेल तर कोणताही थर टिकत नाही, हे दोघांनाही मान्य आहे. वाद वरच्या थरावर जास्त होतो, पैसा खालच्या थरात कमी पडतो.

चौथा मतभेद पैसा कोणी द्यायचा याचा. खासगी गुंतवणुकीचा अनुभव इथे संमिश्र आहे. तळेगाव–अमरावती हा टोलवरचा चौपदरी मार्ग पूर्ण झाला. अमरावतीच्या पश्चिमेचा सुमारे १९४ किलोमीटरचा टप्पा मात्र, तो ज्या आयएल अँड एफएस समूहाकडे होता तो २०१८ मध्ये कर्जात बुडाल्यावर रखडला. काम तुकड्या-तुकड्यांनी नव्याने द्यावे लागले, आणि २०२२ चा विक्रम याच टप्प्याच्या एका भागात झाला. जून २०१५ पासून राज्याच्या अनेक नाक्यांवर मोटारी आणि एसटीला टोलमाफी मिळाली. लोकांना ती हवी होती, पण राज्यमार्गांवर टोलची वाट त्याने अरुंद झाली. २०१६ नंतर राज्याने संमिश्र वार्षिकी पद्धत आणली. साठ टक्के रक्कम सरकारने बांधकामाच्या काळात द्यायची, चाळीस टक्के कंत्राटदाराने गुंतवायची आणि दहा वर्षांत हप्त्यांनी परत घ्यायची, देखभालीची जबाबदारी त्याचीच. समर्थकांच्या मते यात बांधणारा आणि टिकवणारा एकच राहतो. टीकाकारांच्या मते पुढच्या दहा अर्थसंकल्पांवर हप्त्यांचा बोजा चढतो आणि जे रस्ते या यादीत नाहीत त्यांच्या दुरुस्तीचा पैसा आटतो. २०२५ मध्ये थकीत देयकांसाठी राज्यभर कंत्राटदारांनी केलेल्या आंदोलनांनी या शंकेला वजन दिले.

पूल : न दिसणारे वय

खड्डा दिसतो, पुलाचे वय दिसत नाही. २ ऑगस्ट २०१६ रोजी महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ चा पूल वाहून गेला. त्यानंतर राज्यभर जुन्या पुलांच्या तपासणीची चर्चा झाली. गांधीग्रामचा तडा वेळीच लक्षात आला आणि जीवितहानी टळली, ही त्या घटनेची जमेची बाजू. पण पर्याय तयार नव्हता. नोव्हेंबर २०२२ मध्ये अकोला–अकोट ब्रॉडगेज रेल्वे सुरू झाली आणि काहींना तिचा आधार मिळाला. गांधीग्रामच्याच पूर्णेतून श्रावणात कावडधारी अकोल्याच्या राजराजेश्वरासाठी पाणी नेतात. दरवर्षी त्या यात्रेआधी या रस्त्याच्या डागडुजीची मागणी होते, यावरून दुरुस्ती कोणत्या दिनदर्शिकेने चालते हे समजते.

वऱ्हाडातले अनेक जुने पूल बैलगाडी आणि हलक्या मोटारींच्या काळातले आहेत. रस्ता रुंद करणे सोपे असते. पुलाची क्षमता वाढवायची तर बहुतेकदा नवा पूलच बांधावा लागतो. म्हणून रुंद रस्ता आणि त्यावर अरुंद पूल, असे अपघाताला निमंत्रण देणारे जोड तयार होतात.

मेळघाटचा वेगळा हिशेब

सपाटीवरचे कोणतेही सूत्र मेळघाटात जसेच्या तसे लागू होत नाही. १९७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झालेल्या या भागात परतवाडा–सेमाडोह–धारणी हा घाटमार्ग कोरकू वस्त्यांची जीवनवाहिनी आहे. गरोदर बाई धारणीच्या किंवा अमरावतीच्या दवाखान्यात किती वेळात पोहोचते, हे रस्त्यावर ठरते. दुसरीकडे वन्यजीव अभ्यासकांचे म्हणणे असे की, रुंद रस्ता आणि वाढलेला वेग अधिवास तोडतो. अकोला–खंडवा लोहमार्ग व्याघ्र प्रकल्पाबाहेरून नेण्याची भूमिका याच विचारातून आली.

मधला मार्ग कायद्यात थोडाफार आहे. वनहक्क कायदा २००६ नुसार गावाच्या सुविधांसाठी, त्यात रस्ताही येतो, ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपर्यंत वनजमीन मिळू शकते. अट एवढीच की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडली जाऊ नयेत. असलेल्या रुंदीतच पृष्ठभाग, मोऱ्या आणि संरक्षक भिंती सुधाराव्यात, यावर दोन्ही बाजूंचे बऱ्यापैकी एकमत होऊ शकते. इथे नवा रस्ता नव्हे, चांगला राखलेला जुना रस्ता हेच उत्तर आहे.

काय अनुत्तरित आहे

पहिला प्रश्न माहितीचा. कोणत्या रस्त्यावर शेवटचा थर कधी पडला, दोषदायित्व कालावधी (कंत्राटदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याची मुदत) कधी संपतो, खालची जमीन कशी आहे, पूल कोणत्या सालचा, याची रस्तानिहाय नोंद नागरिकाला एका ठिकाणी मिळत नाही. अशा नोंदीशिवाय अग्रक्रम ठरतो तो मागणी आणि दबावावर.

दुसरा, राखीव निधीचा. देखभालीचा पैसा आणि नव्या कामाचा पैसा वेगळ्या लेखाशीर्षांत असतो, ३०५४ आणि ५०५४. तंगी आली की पहिल्याला कात्री लागते, कारण दुरुस्तीचे भूमिपूजन होत नाही. देखभालीचा किमान वाटा कायद्याने बांधावा का, यावर एकमत नाही. बांधला तर आणीबाणीत सरकारचे हात बांधले जातात, हा आक्षेपही फेटाळण्याजोगा नाही.

तिसरा, उत्तरदायित्वाचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला ६ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. हस्तांतराच्या अवस्थेतल्या रस्त्यावर ही भरपाई कोणी द्यायची, हे प्रत्येक वेळी नव्याने ठरवावे लागेल.

चौथा, खारपाणपट्ट्याचा. या पट्ट्यासाठी वेगळी दरसूची आणि वेगळे संकल्पन असावे, असे अभियंते सुचवतात. राज्यभर एकच प्रतिकिलोमीटर मर्यादा लावली की चांगला भराव करणारे अंदाजपत्रक महाग ठरते आणि स्वस्त रस्ता मंजूर होतो. पाचवा, जादा वजनाचा. वजनकाटे महामार्गावर आहेत, माल भरला जातो तिथे नाहीत.

सारांश

आजवरच्या चर्चेतून काही गोष्टी निर्विवाद झाल्या आहेत. मोठ्या मार्गांनी वऱ्हाडला फायदा झाला. तो फायदा शेतापर्यंत पोहोचतो तो जिल्हा मार्ग आणि गावरस्त्यांवरून, आणि जाळ्याचा हाच भाग सर्वांत दुबळा आहे. काळ्या मातीवर पाया आणि निचरा यांत केलेली बचत काही पावसाळ्यांत दामदुपटीने परत मागितली जाते. मतभेद उरतात ते पैशाचा क्रम आणि जबाबदारी यांबाबत. ते सुटायला सर्वांत कमी खर्चाचे पहिले पाऊल म्हणजे दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक रस्त्याची आणि पुलाची सद्यस्थिती दरवर्षी पावसाळ्यानंतर मोजून जाहीर करणे. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत लोकप्रतिनिधींनी नव्या कामांच्या यादीआधी ही यादी मागावी, आणि मतदारांनी ती त्यांच्याकडे मागावी.